वाढत्या अंगाचं काडतूस

राजेश वैरागडेच्या मुलीने गेल्या तीन वर्षांत त्याच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. तेरावं लागलं तसं अनिकाने खोलीचं दार लावून घेतलं, आणि त्या दाराआडून बापाला तीनच उत्तरं मिळू लागली: ‘फाइन’, ‘ओके’ आणि ‘लेटर, बाबा’. राजेश तसा बोलघेवडा माणूस. नागपूरचा. ऑफिसातली पंधरा मिनिटांची मीटिंग तासभर ताणण्यात त्याचा हात धरणारं अमेरिकेतल्या अख्ख्या बॉथेल गावात कुणी नसेल. पण घरी जेवायला बसलं की पोटच्या पोरीशी काय बोलावं, हे त्याला सुचत नसे.

म्हणून मे महिन्यातल्या एका रविवारी अनिका आपण होऊन खाली आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, आय नीड हेल्प,” तेव्हा राजेशने हातातली कढई घासायची सोडून नळ बंद केला.

“बोल ना.”

“या फॉलमध्ये पद्मिनी मावशीबरोबर डिअर हंटिंगला जाणारे ना मी, तर मला रायफल लागेल. बट आय डोन्ट नो विच कार्ट्रिज. तू बघशील?”

आता या पद्मिनी मावशीबद्दल सांगायला हवं. पद्मिनीताई मूळच्या अमरावतीच्या, वय अडुसष्ट, पेशाने रेडिओलॉजिस्ट. लोकांच्या हाडांचे फोटो वाचण्यात त्यांचा जन्म गेला. नवरा कार्ल अमेरिकन. त्याच्याबरोबर त्या पहिल्यांदा शिकारीला डोंगरात गेल्या त्या हौसेने, आणि तो वारल्यावरही दर ऑक्टोबरला जात राहिल्या. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एकदा त्यांनी हरणाचं सुकं आणलं आणि भांड्यावर सरळ ‘हरीण’ अशी चिठ्ठी लावली. अर्धं मंडळ त्या टेबलापासून चार हात लांब उभं राहिलं. राजेशने, सावजी मटणावर पोसलेल्या माणसाने, तीनदा वाढून घेतलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं. अनिका दोन वर्षं त्यांच्याबरोबर बंदुकीशिवाय डोंगरात जाऊन आली होती. पहाटेच्या थंडीत तोंड मिटून तासन्‌तास बसायला तिला आवडायचं. यंदा तिने शिकारीचा सरकारी कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. तिला एकच भीती होती, आणि ती तिने त्या दिवशी ओट्यापाशी सांगून टाकली.

“हरीण मिस झालं तर इट्स ओके. पण अर्धवट लागलं आणि ते पळून गेलं, आणि मग कुठेतरी पडून राहिलं... आय कान्ट डू दॅट, बाबा. म्हणून नीट बघ.”

एवढी सलग वाक्यं मुलीच्या तोंडून ऐकून राजेशला भरून आलं. नीट बघ म्हणाली होती ना? मग तो जे बघायला बसला, ते जून संपेपर्यंत बघतच होता.

बंदूक घ्यायची तर आधी काडतूस ठरवावं लागतं, मग त्या काडतुसाची रायफल. काडतुसं शेकड्यांनी. छोटी, लांबोडी, जाड. कुणाची गोळी जड, कुणाची वेगवान. राजेशने स्प्रेडशीट उघडली. कुठली गोळी किती अंतरावर किती खाली येते, वाऱ्याने किती ढळते, कुणाचा दणका किती. ‘दणका’ म्हणजे हरणाला बसणारा. बंदूक चालवणाऱ्याच्या खांद्याला बसतो त्याचाही एक रकाना होता, पण तो पार उजवीकडे होता आणि राजेशच्या स्क्रीनवर तेवढा मावत नव्हता. रोज संध्याकाळी अनिका येऊन शेजारच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची. बाप समजावायचा, मुलगी शंका काढायची. एकदा तर दोघं एवढे हसले की शुभा, राजेशची बायको, वरून खाली आली.

“लोक सिटिझनशिप मिळाल्यावर डिस्नेलँडला जातात,” ती म्हणाली. “आमच्याकडे तोफखाना उघडलाय.” पण तिलाही ते दृश्य बघून बरं वाटलं होतं, हे तिच्या चहा टाकण्यावरून कळत होतं.

पद्मिनीताईंनी फोनवर एका वाक्यात निकाल दिला होता. “टू-फॉर्टी-थ्रीचं काडतूस घे तिला. लहान आहे, गोड आहे, हरणाला पुरून उरतं.”

इथे राजेशमधला नागपूरचा मुलगा जागा झाला. त्याच्या लहानपणी कुठलीही वस्तू अंगाबरोबर घेतली जात नसे. शाळेची चड्डी गुडघ्याखाली, स्वेटरच्या बाह्या बोटांवर, चपलेत मागे दोन बोटं जागा. दुकानदार म्हणे, “हे बरोबर बसतंय,” आणि आई म्हणे, “त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा दाखवा, वाढतं अंग आहे.” कपडा अंगाला येईपर्यंत विटून जायचा, ती गोष्ट वेगळी. तेव्हा हरणापुरतं काडतूस घ्यायचं? उद्या पोरगी एल्कवर गेली तर? एल्क म्हणजे हरणाच्या तिप्पट जनावर. परवा अलास्काला गेली तर? घेतोच आहोत तर एकदाच चांगलं घेऊ. त्याने थ्री हंड्रेड मॅग्नम निवडलं. राजेशच्या मधल्या बोटाएवढं लांबलचक, टेबलावर उभं केलं तर छोट्या समईसारखं दिसणारं काडतूस.

“हे आयुष्यभर पुरेल बघ तुला,” तो म्हणाला. अनिकाने ते हातात घेऊन तोललं आणि बापाकडे बघितलं. बापाच्या चेहऱ्यावर दिवाळी होती.

“कूल,” ती म्हणाली.

जुलैपासून दर शनिवारी बापलेक मन्रो गावापलीकडच्या नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागले. जाताना तासभर, येताना तासभर गाडीत दोघंच. राजेशला तेवढ्याने वर्षाचं पुण्य मिळाल्यासारखं झालं. येताना बर्गर, बर्गरबरोबर गप्पा. कोणती मैत्रीण कुणाशी बोलत नाही, कोणते सर चक्रम आहेत, सगळं त्याला कळायला लागलं.

फक्त नेम लागत नव्हता.

पहिल्या दिवशी पहिली गोळी जवळजवळ मधोमध बसली होती. त्यानंतर जे बिघडलं ते बिघडलंच. एक भोक खाली डावीकडे, एक कागदाच्या कडेला, एक गोळी कुठे गेली देव जाणे. राजेशने ही अडचण कोडमधला बग शोधावा तशी शोधायला घेतली. स्कोप, म्हणजे बंदुकीवरची नेम धरायची दुर्बीण, बदलला. स्कोप बसवायच्या कड्या बदलल्या. गोळी बदलली, मग तीच गोळी दुसऱ्या खोक्यातली. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणलं. “मी काय चुकीचं करतेय का?” अनिकाने एकदा विचारलं, तर तो म्हणाला, “छे, तू परफेक्ट आहेस. इक्विपमेंटचाच प्रॉब्लेम आहे.” त्यावर ती काहीतरी बोलणार होती, पण राजेशचं डोकं स्कोपमध्ये होतं.

सप्टेंबर संपत आला. शिकार तीन आठवड्यांवर आली आणि अनिका पुन्हा ‘फाइन’वर आली. येताना गाडीत कानात इअरफोन. शेवटी राजेशने पद्मिनीताईंना साकडं घातलं. “ताई, एकदा येऊन रायफल बघा ना. सगळं करून झालं. नळीतच काहीतरी असणार.”

“येते. पण नळी बघायला यायची मला गरज वाटत नाही बाप्पा,” त्या म्हणाल्या.

शनिवारी त्या आल्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांचा बॉयकट, पायांत मातीने माखलेले बूट. रायफलकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अनिकाच्या मागे घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. अनिकाने गोळी झाडली. धाडकन आवाज झाला, बंदुकीने तिला मागे रेटलं, तिच्या कानांवरचे आवाज अडवायचे मफ सरकले. ते सारखे करताना तिच्या टी-शर्टचा गळा बाजूला झाला आणि आत खांद्यापाशी पिवळाजर्द डाग दिसला. पद्मिनीताईंनी तो पाहिला. आंबेहळद ओळखायला एक्स-रे लागत नाही.

त्या उठल्या. “अनू, पुढच्या पाच मी भरून देते. तू फक्त नेम धर. मागे बघू नको.”

राजेशच्या हातातल्या खोक्यातून त्यांनी काडतुसं घेतली, आणि स्वतःच्या खिशातून एक वेगळं काढलं. तसंच लांब, तसंच जाड, पण लाल प्लास्टिकचं. आत दारू नाही, काही नाही. सरावाचं खोटं काडतूस. राजेशला त्यांनी ते दाखवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि रायफलमध्ये सरकवून मागचा बोल्ट ढकलून बंद केला.

अनिकाने गाल दस्त्याला लावला. श्वास सोडला. चाप ओढला.

टक्‌.

बंदूक वाजली नाही. पण अनिकाचे डोळे गच्च मिटले होते, दात आवळले होते, खांदा पुढे आला होता आणि नळीने खाली डावीकडे एवढा मोठा झोल खाल्ला की गोळी असती तर ती समोरच्या मातीत गेली असती. न बसलेल्या धक्क्याला तिचं सगळं अंग घाबरलं होतं. मग तिने डोळे उघडले, नळीकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

स्कोप, कड्या, वारा, खोकी. अख्खा उन्हाळा राजेश सगळीकडे बघत होता, एक पोर सोडून.

“आता तू,” पद्मिनीताई त्याला म्हणाल्या.

“मी कशाला?”

“बस तर खरा.”

तो बसला. ताईंनी पहिलं खरं भरलं. धाडकन! दस्त्याने खांद्यात अशी लाथ घातली की त्याला दाढा जाणवल्या. इतके दिवस तो फक्त शेजारी उभा राहून आकडे टिपत होता. बंदूक मुलीची, आपण कशाला हात लावावा, असा त्याचा सुसंस्कृत विचार. दुसरं काडतूस ताईंनी आडोशाने भरलं. आपल्याला खोटं मिळू शकतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी चाप ओढताना त्याचे डोळे मिटले आणि नळीने जमिनीला नमस्कार केला.

टक्‌.

अनिकाच्या तोंडून हसू फुटलं. लगेच तिने तोंडावर हात ठेवला, आणि हात ठेवल्या ठेवल्या रडायला लागली.

“दुखत होतं तर सांगायचं ना बेटा,” राजेश म्हणाला. “जुलैपासून? मला सांगायचं!”

“कसं सांगू?” ती हुंदके देत म्हणाली. “यू वेअर सो हॅपी, बाबा. तू एवढं सगळं केलंस. मी सांगितलं असतं तर... तर सॅटर्डेज गेले असते.”

शनिवार गेले असते. आपल्यालाच त्या शनिवारांची भूक आहे, पोरीला काय त्याचं, असं राजेश धरून चालला होता. तिलाही ती भूक होती, आणि त्यापायी ती दर आठवड्याला तिथे जाऊन खांद्यावर लाथा खात होती. आणि पुढच्या महिन्यात ती याच मिटल्या डोळ्यांनी जिवंत जनावरावर गोळी झाडणार होती. ज्या एका गोष्टीला ती भीत होती, तीच बापाने तिच्या हातात आयुष्यभर पुरेल अशी आणून दिली होती.

“आईला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“ती हळद लावायची. मी तिला शपथ घातली होती.”

“म्हणजे घरात मी एकटाच शहाणा.”

“अति तेथे माती म्हणतात ते हेच,” पद्मिनीताई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज मऊ होता. “राजेश, काडतूस चांगलं आहे रे. वाईट काही नाही त्याच्यात. पण नाकापेक्षा मोती जड झालाय. हरीण काडतुसाच्या आकाराने मरत नाही, गोळी जागेवर लागली तर मरतं. आणि जागेवर कोण लावणार? ज्याचे डोळे उघडे आहेत तो.”

“पण ताई, पुढेमागे एल्क...”

“कुठे आहे एल्क?”

राजेशने खरोखरच रेंजवर इकडेतिकडे बघितलं.

ताईंनी आपल्या गाडीतून कार्लची जुनी टू-फॉर्टी-थ्री आणली. दस्त्याचा रंग हाताच्या घामाने काळवंडलेला. काडतूस मॅग्नमच्या शेजारी ठेवलं तर धाकट्या भावंडासारखं दिसत होतं. अनिकाने पहिली गोळी झाडायला खूप वेळ लावला. झाडली, आणि ती मागे वळून म्हणाली, “दॅट्स इट? एवढंच?” त्या दिवशी ताईंनी मधेमधे लाल काडतूस घालणं सोडलं नाही, आणि अनिकाची नळी हळूहळू शांत होत गेली. संध्याकाळपर्यंत कागदावरची भोकं एका वाटीत मावतील एवढी जवळ आली. ताईंनी शिकारीपुरती तीच बंदूक तिला वापरायला दिली. मॅग्नम राजेशने दुकानात परत विकायला ठेवली. शुभाने रात्री त्याच्या पानात वाढताना विचारलं, “बरोबर आहे ना एवढं? की एक नंबर मोठं वाढू?”

ऑक्टोबरात तिघं डोंगर ओलांडून पूर्वेला ओकनॉगनकडे गेले. ताई खालच्या ओढ्यापाशी बसल्या. बापलेक वरच्या उतारावर, एका पडलेल्या पाइनच्या आडोशाला. राजेशकडे बंदूक नव्हती. दुर्बीण आणि थर्मास एवढाच त्याचा अधिकार. उजाडलं. समोरच्या टेकाडावर दंव चमकायला लागलं. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग झुडपांतून एक नर बाहेर आला. शिंगं चांगली हातभर पसरलेली. तो आडवा उभा राहिला आणि चरायला लागला.

“मोठा आहे,” राजेश कुजबुजला. “अनू, मोठा आहे! उभा आहे!”

अनिकाने बंदूक बॅगेवर टेकवली, स्कोपमधून पाहिलं. वारा तिच्या गालावरचे केस हलवत होता. पाच महिन्यांची मेहनत समोर उभी राहून गवत खात होती. “मार,” राजेश म्हणाला. “मार ना, जाईल तो.”

अनिकाने गाल दस्त्यावरून काढला.

“नाही, बाबा.”

“का?”

“खूप लांब आहे. आणि वारा आहे. मे बी लागेल. मे बी पोटात लागेल.” तिने बोट चापापासून दूर केलं. “आय डोन्ट वॉन्ट टू.”

मॅग्नम असती तर पोचली असती, हा विचार राजेशच्या मनात आलाच. माणूस एका उन्हाळ्यात किती सुधारणार? तो तोंड उघडणार होता. सांगणार होता की एवढ्या लांब आलो, एवढं सगळं केलं. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती हरणाकडे बघत नव्हती. बापाकडे बघत होती, आणि तिचे डोळे सताड उघडे होते.

नराने मान वर केली, कान फिरवले आणि टेकाडापलीकडे सावकाश निघून गेला.

“रागावलास?” अनिकाने विचारलं.

‘छे छे’ हे उत्तर राजेशच्या जिभेवर तयार होतं. ते त्याने गिळलं. “हो,” तो म्हणाला. “थोडासा.”

अनिकाच्या खांद्यांतला ताण गेल्यासारखा झाला. तिने बंदुकीतलं काडतूस बाहेर काढलं, खिशात टाकलं आणि सरकून त्याच्याजवळ बसली. थर्मासच्या झाकणात त्याने तिला चहा ओतून दिला. ती दोन्ही हातांनी झाकण धरून ऊब घेत राहिली.

“बाबा, रागावलाच आहेस थोडा, तर अजून एक सांगू?” ती म्हणाली. “कॉलेजबद्दल आहे. तुला आवडणार नाही.”

राजेशने दुर्बीण गळ्यातून काढून बाजूला ठेवली.

“सांग,” तो म्हणाला.